एका गळ्याला सोळा प्रोसेसर

चोवीस नंबर मी उघडला.

हे वाक्य चौकशी आयोगासमोर सगळ्यांनी ऐकलं. स्पष्ट, खणखणीत, एकही अक्षर न गाळता. आयोगाच्या लघुलेखकानं ते रुपेश पाष्टेच्या नावावर उतरवून घेतलं. रुपेश ते बोलला नव्हता. आधी एवढं डोक्यात पक्कं ठेवा. बाकी सगळं त्यानंतर.

कोण रुपेश

खाडीकाठच्या औद्योगिक वसाहतीत सिद्धार्क ऑरगॅनिक्स नावाचा कारखाना होता. आहे अजून. रंग नवा दिलाय. रुपेश तिथं फील्ड ऑपरेटर. म्हणजे कंट्रोल रूमच्या गारव्यात बसलेल्यांनी वॉकीटॉकीवर सांगायचं आणि यानं रिअ‍ॅक्टरपाशी उभं राहून व्हॉल्व्हचं चाक फिरवायचं. त्याच्या शिफ्टला तुषार भुवड असायचा, बायकोचा धाकटा भाऊ.

रिअ‍ॅक्टर तापलेला असताना चोवीस नंबरचा व्हॉल्व्ह उघडला गेला आणि अख्खा मजला वाफेत गेला. तुषार गेला. आणखी दोघं गेले. रुपेश वाचला, पण वाफ श्वासाबरोबर आत गेली होती. स्वरयंत्र जळालं. हात भाजून आखडले. डाव्या हाताची तर्जनी तेवढी मनासारखी हलते.

त्या मजल्यावरचा तो एकटा जिवंत माणूस, म्हणून एकटा साक्षीदार. त्याचं म्हणणं साधं होतं. मॅनेजरनं चोवीस उघडायला सांगितलं. आपण नाही म्हणालो, गरम आहे म्हणालो. मग चाकाला कुणाचा हात न लागता व्हॉल्व्ह उघडला, कारण चोवीसला मोटर आहे आणि मोटरीचं बटण कंट्रोल रूममध्ये. कंपनीचं म्हणणं त्याहून साधं होतं. मोटर बंद होती, उघडला तो हातानं, आणि हात खालच्या माणसांचे.

कारखान्यातली एक रीत इथंच सांगितली पाहिजे. वॉकीटॉकीवर खरखर फार. म्हणून ऐकलेलं आधी स्वतःच्या तोंडानं परत म्हणायचं, समोरच्यानं 'बरोबर' म्हटलं की मगच हात हलवायचा किंवा उत्तर द्यायचं. इतकी वर्षं हे केलेला माणूस घरीही तेच करतो. बायकोनं, दर्शनानं, विचारावं, दूध उतरवलंत का. हा म्हणणार, "दूध उतरवलं." ती पाठ फिरवते. मग मागून येणार, "नाही." लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात किती दूध उतू गेलं त्याला हिशोब नाही. पुढं पुढं तो पहिलं वाक्य मोठ्यानं म्हणेनासा झाला. मनातल्या मनात म्हणू लागला. पण म्हणायचा.

पेटी

गळ्याला पट्टा, कमरेला पेटी. दोन्ही मिळून नाव 'कंठिका'. आवाज गेला तरी मनात वाक्य जुळवताना गळ्याचे आणि जिभेचे स्नायू किंचित हलतात. पट्टा ती हालचाल वाचतो, पेटी तिचं वाक्य करते. आता, मनात जुळलेलं सगळंच कुणी बोलून दाखवत नसतं. दाखवत असता तर एकही लग्न टिकलं नसतं. म्हणून बोटाखाली एक बटण. दाबलं तर वाक्य बाहेर, नाही दाबलं तर पुसलं जाणार. माणसाचं मन आणि जग यांच्यामध्ये फक्त ते बटण.

रुपेशला आधी मिळाली ती जुनी पेटी, एका प्रोसेसरची. म्हणजे विचार करणारा गडी एकच. तो गळा वाचणार, मग वाक्य जुळवणार, मग बटणाची वाट बघणार, मग बोलणार. एकामागून एक. रुपेशनं विनोद केला तर तो बाहेर पडेपर्यंत माणसं चहा पिऊन कप खाली ठेवायची. भांडण तर शक्यच नव्हतं. दर्शना जिंकायची आणि जिंकून रडकुंडीला यायची.

मग नवी पेटी आली, सोळा प्रोसेसरची. पहिल्याच संध्याकाळी आमटीच्या फोडणीवरून दोघांची जुंपली. तिचं वाक्य अर्ध्यात असताना त्यानं उलट उत्तर दिलं. भांडण मिटल्यावर ती मोरीत जाऊन रडली. नवरा परत आला होता.

हा आनंद खोटा नव्हता. म्हणूनच पुढचं जास्त चीड आणणारं.

कडी

प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक मूळ कार्यक्रम असतो, ऑपरेटिंग सिस्टिम. कुठलं काम कधी करायचं, कुणी कशाला हात लावायचा, हे ती ठरवते. कंठिकेतली सिस्टिम जुनी होती. ती लिहिली तेव्हा अशा छोट्या यंत्रांत एकच प्रोसेसर असायचा. वैद्यकीय मंजुरी तिलाच मिळाली होती. नवी लिहायची तर सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. आणि एका प्रोसेसरची चिप आता जगात कुणी बनवत नाही. तेव्हा कंपनीनं जुनी सिस्टिम उचलली, नव्या चिपवर ठेवली, मध्ये एक पातळ थर घातला. तो थर जुन्या सिस्टिमची कामं सोळा जणांत वाटून देतो. जाहिरातीत अभिमानानं छापलं: मूळ सिस्टिममध्ये एका अक्षराचाही बदल नाही.

तोच तर गुन्हा.

एक केबिन डोळ्यांसमोर आणा. आत एकच माणूस काम करतो. नाजूक काम आलं की तो उठून दाराला आतून कडी लावतो. आता आपल्या टेबलाला कुणी हात लावणार नाही, असं तो धरून चालतो. बरोबरच आहे त्याचं. बाहेरचं कुणी येऊ शकत नाही आणि आत दुसरं कुणी नाही.

त्याच केबिनमध्ये आणखी पंधरा माणसं बसवा. टेबल तेच. पहिल्याला सांगूच नका. तो उठेल, कडी लावेल, निर्धास्त होईल. आणि पंधरा जण त्याच्या शेजारीच, आत.

जुन्या सिस्टिमचा सगळा भरवसा त्या कडीवर होता. ती शहाण्या माणसांनी लिहिली होती, पण एकट्यासाठी. तिच्यात बदल करायलाच हवा होता. एका अक्षराचाही नाही म्हणे.

अर्धं मिनिट, आडवं कापून

आदल्या दिवशी रुपेशनं पेटीतून आपलं म्हणणं मांडलं होतं. आज उलटतपासणी. सिद्धार्कचे वकील कारखानीस. पंचायत समितीचं सभागृह. समोर आयोगाच्या अध्यक्षा, निवृत्त न्यायाधीश देवस्थळीबाई. मागच्या खुर्च्यांवर दर्शना, आणि तिच्या शेजारी तुषारची बायको रसिका.

कारखानीस : पाष्टे, माझा आवाज येतोय ना तुम्हाला?

गळा : हो, येतोय.

बोट : दाबलं.

पेटी : हो, येतोय.

कारखानीस : चोवीस नंबर तुम्ही उघडलात?

गळा : चोवीस नंबर मी उघडला. *(ऐकलेलं परत म्हणणं. मनात. नेहमीसारखं.)*

बोट : वर. हवेत.

पेटी : चोवीस नंबर मी उघडला.

गळा : नाही. मी नाही उघडला.

बोट : दाबलं. दाबलं. दाबलं.

पेटी : नाही. मी नाही उघडला.

कारखानीस : साक्षीदार आता सावरून घेतायत. माझं विचारून झालं.

काय झालं ते असं. 'हो, येतोय' बोलून झाल्यावर बटण दाबल्याची जी खूण पेटीत उरते ती पुसायची असते. एकटा गडी असता तर बोलला असता, खूण पुसली असती, मगच पुढचं वाक्य हातात घेतलं असतं. इथं बोलणारा प्रोसेसर खूण पुसायला वळतोय तोवर दुसऱ्यानं टेबलावर नवं वाक्य आणून ठेवलं, तिसऱ्यानं बघितलं की वाक्य आहे, खूणही आहे, आणि बोलून टाकलं. तिघांनीही आपापलं काम चोख केलं. मधल्या फटीतून एक माणूस खाली पडला.

घर

रसिका तिथूनच उठून गेली. दर्शना तिच्या मागे धावली तेव्हा ती एवढंच म्हणाली, की इतके दिवस तुमच्या घरी येऊन मी त्यांना भरवलं, वन्सं. दर्शनाला तुषारच्या लग्नात या नावाची हौस होती. आता ते ऐकून कानशिलं तापली.

पुढच्या दिवशी दर्शना तिच्या दारात गेली. रसिकानं दार उघडलं, आत ये म्हटलं नाही. दर्शनानं पेटीचं सांगायला सुरुवात केली. रसिका म्हणाली, पेटी वाईट असेल तर त्या वाक्याच्या आदल्या दिवशीची साक्ष पण वाईट. मॅनेजरवर बोलली तेव्हा पेटी चांगली आणि आता वाईट, असं कसं. दार लागलं.

आणि दर्शनाचं स्वतःचं काय? माहेरचा एकुलता एक भाऊ गेला होता. तिनं सभागृहात ते वाक्य नवऱ्याच्या तोंडचं म्हणून ऐकलं होतं, आणि क्षणभर, अगदी क्षणभरच, तिला ते खरं वाटलं होतं. त्या क्षणाचा राग तिला कुणावर काढावा कळेना. तिनं तो नवऱ्यावर काढला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरेतुरे केलं.

"तू उघडलास?"

रुपेशनं बोट उचललं आणि बाजूला घेतलं. हनुवटीनं खुणावलं, पट्टा काढ. तिनं काढला. मग त्यानं तिच्याकडे बघून मान हलवली. नाही. एवढंच. मान हलवायला प्रोसेसर लागत नाही.

ती खाली बसली आणि तिला कळलं, की आता आपण कुणाला तरी सोडणार नाही आहोत.

वझे

कंठिका बनवणाऱ्या कंपनीचे मुख्य अभियंता इंद्रनील वझे. पुण्यात ऑफिस. वागायला अत्यंत गोड. दर्शनाला त्यांनी कॉफी दिली, केबिनचं उदाहरण दिलं (वर दिलंय ते त्यांचंच आहे), आणि मोकळेपणानं सांगितलं की हो, असं होऊ शकतं, आम्हाला कल्पना आहे. पण फार क्वचित. बहुतेक पेशंटना कळतही नाही. जास्तीत जास्त काय, पाहुण्यांसमोर एखादं भलतं वाक्य निघतं. लोक हसतात.

तिनं विचारलं, यावर उपाय नाही?

आहे ना, वझे म्हणाले. सेटिंगमध्ये एकच प्रोसेसर चालू ठेवायचा. मग दोष उरत नाही. पण वेग जातो, आणि वेगावरच तर ती विकली जाते. पेशंटच तक्रार करतात, मॅडम.

तिला फोडणीचं भांडण आठवलं आणि वझ्यांच्या कपातली कॉफी त्यांच्या शर्टावर ओतावीशी वाटली. तिचा आनंद त्यांनी पुरावा म्हणून वापरला होता.

मग हे आयोगासमोर लिहून द्या, ती म्हणाली. त्यांनी तितक्याच गोडव्यानं नकार दिला. हा दोष मागितल्यावर दिसत नाही. सोळा जणांचं टायमिंग जुळायला लागतं. प्रयोगशाळेत हजारदा चालवली तरी दिसेलच असं नाही. जे दाखवता येत नाही ते लिहून कसं देणार.

पट्टा

आयोगानं वझ्यांना बोलावलं, तेव्हा ते तयारीनं आले. रुपेशची पेटी त्यांनी सगळ्यांसमोर तपासली आणि निर्दोष ठरवली. दर्शनानं अध्यक्षांना विनंती केली, साहेबांना एवढी खात्री आहे तर त्यांनी स्वतः पट्टा घालावा, मी प्रश्न विचारीन. कारखानीसांनी हरकत घेतली. वझ्यांनी घेतली नाही. त्यांचा त्यांच्या मालावर विश्वास होता, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

पट्टा रुपेशच्या गळ्यातून वझ्यांच्या गळ्यात गेला. दर्शना समोर बसली आणि जोडीनं प्रश्न विचारू लागली. नाव काय. गाव कुठलं. ऐकू येतंय ना. पुण्याला पाऊस आहे का. त्यांचं बोट खाली जाताच ती पुढचा प्रश्न टाकायची. पेटी सभ्यपणे एकेक उत्तर देत होती. होत काहीच नव्हतं. मागच्या खुर्च्यांवर चुळबुळ सुरू झाली. कारखानीसांनी फोन काढला. अध्यक्षा म्हणाल्या, पाष्टेबाई, आवरतं घ्या आता.

रसिका मागं, शेवटच्या रांगेत एकटी बसली होती. तिची साडी दर्शनाला कोपऱ्यातून दिसत होती. ती उठेल असं वाटत होतं.

"माझा आवाज येतोय?" दर्शनानं विचारलं.

"हो, येतोय," पेटी वझ्यांच्या वतीनं म्हणाली.

"तीन माणसांचा मारेकरी ठरवलात तुम्ही माझ्या नवऱ्याला. जेवण जातं का घशाखाली?"

वझ्यांचं बोट वर होतं. सगळ्यांना दिसत होतं. पेटी त्याच सभ्य आवाजात म्हणाली :

"एका वाक्यापायी केवढा तमाशा."

वझ्यांनी पट्टा ओढून काढला आणि ते स्वतःच्या खऱ्या गळ्यानं म्हणाले, "मी हे बोललो नाही."

"तेही नव्हते बोलले," दर्शना म्हणाली.

हरकत नाही

गोष्ट इथं संपली असती तर मी ती लिहिलीच नसती.

देवस्थळीबाईंनी सांगितलं ते कायद्याला धरून होतं, त्यात त्यांचा दोष काढता येणार नाही. हे यंत्र माणसानं न बोललेलं बोलतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. तेव्हा या यंत्रातून आलेलं कुठलंच वाक्य पुरावा म्हणून धरता येणार नाही. 'चोवीस नंबर मी उघडला' हे काढावं लागेल, आणि त्याबरोबर पाष्टे यांची संपूर्ण साक्षही. पुन्हा घ्यायची तर त्याच पेटीतून घ्यावी लागणार. एका प्रोसेसरवर चालवा नाहीतर अर्ध्यावर, पेटी तीच.

कारखानीस उभे राहिले होते. बाईंचं वाक्य संपायच्या आत.

"आमची काही हरकत नाही."

दर्शनाला त्या घाईतून कळलं. ती जिंकली होती. नवऱ्यावरचा डाग पुसला जाणार होता, आणि त्याच फडक्यानं मॅनेजरचं नावही. व्हॉल्व्ह कुणीच उघडलेला नव्हता. तुषार वाफेनं मेला होता आणि वाफेला वकील लागत नाही.

तिनं रुपेशकडे पाहिलं. तो हनुवटी हलवत होता. पट्टा. तिनं वझ्यांच्या पुढ्यातून पट्टा उचलून त्याच्या गळ्याला लावला, बटण बोटाखाली सरकवलं. त्यानं दाबलं, बोट उचललं, थांबला.

"माझी साक्ष राहू दे. सगळी. ते वाक्यही राहू दे."

अध्यक्षांना वाटलं याला कळलं नाही. त्यांनी सावकाश समजावलं. ते वाक्य राहिलं तर तो तुमचा कबुलीजबाब धरला जाऊ शकतो. तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो.

"माझ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो," पेटी म्हणाली. या वेळी त्यानं ते मुद्दाम, बोट दाबून, मोठ्यानं परत म्हटलं होतं. मग पुन्हा दाबलं. "बरोबर. राहू दे."

"डोकं फिरलंय का तुझं?" दर्शना सगळ्यांदेखत ओरडली.

"खाली बस," पेटी ताबडतोब म्हणाली. "एक खोटं माझ्या अंगावर राहील. पण बाकीचं खरं कागदावर राहील. नाहीतर काहीच राहत नाही."

कारखानीसांनी हरकत घेतली. आता होती. साक्षीदाराच्या स्वतःच्याच बाजूनं यंत्र सदोष ठरवलं गेलंय, तेव्हा त्याला आता मागं फिरता येणार नाही, साक्ष काढावीच लागेल, असं ते बोलत असताना मागून रसिका पुढं आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती अध्यक्षांच्या टेबलापाशी उभी राहिली, पण बोलली कारखानीसांशी.

"ह्यांचं एक वाक्य खोटं, हे मला आज कळलं. बाकीची खरी आहेत, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं. म्हणून मघाशी हरकत नव्हती ना तुमची?"

लघुलेखकानं अध्यक्षांकडे पाहिलं. हे उतरवून घेऊ का? बाईंनी मानेनंच हो म्हटलं.

मग त्यांनी निर्णय दिला. साक्ष राहील, पूर्ण, त्यातल्या दोषाच्या नोंदीसह. पाष्ट्यांवर काय कारवाई व्हायची ती होईल. आणि साक्ष राहते आहे त्याअर्थी तिच्यात ज्यांचं नाव आहे त्या मॅनेजरांना उद्याच हजर करा. मोटरीचं बटण कुणी दाबलं हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय.

कारखानीस म्हणाले, साहेबांची प्रकृती बरी नाही. डॉक्टरांनी बोलायची मनाई केली आहे.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

कारखानीस फायलीतले कागद चाळू लागले.

रसिका रुपेशच्या खुर्चीपाशी आली. "भावोजी, काढू?" तिनं विचारलं. त्यानं मान तिरकी केली. तिनं पट्ट्याचा आकडा सोडवला, पेटीची वायर नीट गुंडाळली, आणि दोन्ही नेऊन कारखानीसांच्या पुढ्यात ठेवलं.

"मग हा घाला त्यांना."